ज्ञानाचा मुसाफिर : अल्बेरूनी

(एका देशाचे लोक दुसऱ्या देशाच्या लोकांना बहुधा ऐकीव गोष्टींवरून ओळखतात. ऐकीव गोष्टींत खरे थोडे आणि तिखटमीठ जास्त असते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका मुस्लिम विद्वानाने हिंदुस्थानातील लोकांना त्यांच्या भाषेतून, त्यांच्या ग्रंथांतून आणि त्यांच्याच तोंडून समजून घेतले. त्या थोर विद्वानाची जीवनकथा या पाठात दिली आहे.)

मराठीच्या तासाला आमच्या वर्गात दरवर्षी एक गंमत होते. कोणी फळाला फल म्हणतो, कोणी पाण्याला पानी म्हणतो आणि सारा वर्ग हसू लागतो. ण आणि ळ ही अक्षरे आपल्या उर्दू लिपीत नाहीत. त्यामुळे ती उच्चारताना आपली जीभ अडखळते. मग एखादा विद्यार्थी रागावून विचारतो की, सर, ही भाषा आपण शिकायचीच कशाला?

अशा वेळी मी मुलांना एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याने वयाच्या चाळिशीनंतर संस्कृत शिकायला सुरुवात केली. त्याचीही जीभ अडखळत होती. त्यालाही लोक हसले असतील. पण त्याने शिकणे सोडले नाही. त्याच्या या कष्टांमुळे आज आपल्याला एक हजार वर्षांपूर्वीचा हिंदुस्थान कसा होता, हे कळते. त्या माणसाचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्बेरूनी.

अल्बेरूनी यांचा जन्म इ. स. ९७३ मध्ये, म्हणजे हिजरी सन ३६२ मध्ये, ख्वारिज्म या प्रदेशात झाला. मध्य आशियात अरल समुद्राच्या दक्षिणेला आमू दर्या नावाची मोठी नदी वाहते. तिच्या काठचा हा सुपीक प्रदेश होता. आज त्याचा बराचसा भाग उझबेकिस्तानात आहे. काथ ही त्या वेळची राजधानी. या शहराच्या वेशीबाहेरच्या वस्तीत अल्बेरूनी जन्मले. फारसीत बाहेरच्या भागाला बेरून म्हणतात. उर्दूतही आपण बाहेरच्याला बैरूनी म्हणतो. म्हणजे अल्बेरूनी या नावाचा अर्थच मुळी बाहेरचा माणूस असा होतो. हा अर्थ लक्षात ठेवा. पुढे त्याचे आपल्याला काम पडणार आहे.

त्यांची मातृभाषा ख्वारिज्मी होती. त्या भाषेत शास्त्राचे ग्रंथ नव्हते. ज्ञान मिळवायचे तर अरबी आणि फारसी शिकणे भाग होते. अल्बेरूनींनी या दोन्ही भाषा मेहनतीने शिकून घेतल्या. पुढे जगभर नाव झाले तरी या दोन्ही भाषांत आपण पाहुणे आहोत, असेच त्यांना वाटत असे. दुसऱ्याच्या भाषेत शिरणे म्हणजे काय, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते.

राजघराण्यातील अबू नस्र मन्सूर हे मोठे गणिती त्यांना गुरू म्हणून लाभले. गणित आणि खगोलशास्त्र यांची गोडी त्यांनीच लावली. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास अल्बेरूनींनी सूर्याची उंची मोजून काथ शहराचे अक्षांश काढले. तरुणपणी सूर्यग्रहण पाहताना त्यांनी सूर्याकडे थेट नजर लावली. त्यामुळे त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. नंतर ते सूर्याचे प्रतिबिंब पाण्यात पाहून निरीक्षण करू लागले. ज्ञानासाठी त्यांनी सोसलेला हा पहिला त्रास.

इ. स. ९९५ मध्ये ख्वारिज्मात यादवी युद्ध पेटले. जुने राजघराणे नष्ट झाले. अल्बेरूनींना आपला मुलूख सोडून पळावे लागले. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. रय नावाच्या शहरात त्यांनी गरिबीचे दिवस काढले. अंगावर चांगले कपडे नाहीत म्हणून तिथल्या एका विद्वानाने त्यांचे म्हणणे ऐकूनही घेतले नाही. पुढे दिवस पालटले तेव्हा तोच माणूस त्यांच्याशी आदराने वागू लागला. माणसाच्या बाह्य रूपावरून त्याची किंमत करू नये, हा धडा अल्बेरूनींना असा स्वतःच्या अनुभवातून मिळाला.

तरीही त्यांचा अभ्यास थांबला नाही. इ. स. ९९७ च्या मे महिन्यात चंद्रग्रहण होते. अल्बेरूनींनी ते काथ येथून पाहिले. त्याच रात्री बगदादमध्ये अबुल वफा या शास्त्रज्ञांनी तेच ग्रहण पाहिले. दोघांनी हे आधीच ठरवले होते. ग्रहण दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी दिसते, पण त्या क्षणी दोन शहरांतील स्थानिक वेळ वेगवेगळी असते. या वेळांतील फरकावरून त्यांनी दोन शहरांच्या रेखांशांतील अंतर काढले. तार नव्हती, टेलिफोन नव्हता. तरी शेकडो कोस दूर असलेल्या दोन माणसांनी मिळून हे काम केले.

पुढे ते कास्पियन समुद्राजवळच्या गुरगान येथे तिथला राजा काबूस याच्या दरबारी राहिले. तिथे इ. स. १००० च्या सुमारास त्यांनी एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे नाव अल्-आसार अल्-बाकिया. या ग्रंथात निरनिराळ्या लोकांच्या कालगणना आणि सण यांची माहिती आहे. इराणी, ग्रीक, यहुदी, ख्रिस्ती, जुने अरब, मुस्लिम अशा अनेकांचे महिने आणि वर्षे त्यात दिली आहेत.

तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? दिवस तो दिवस! पण जरा विचार करा. आपला रमजानचा महिना संध्याकाळी चंद्र दिसताच सुरू होतो, कारण इस्लामी तारीख सूर्यास्ताला बदलते. हिंदूंच्या पंचांगात दिवस सूर्योदयाला सुरू होतो. घड्याळाप्रमाणे तो मध्यरात्री सुरू होतो. मग खरा दिवस कोणता? यांतील एकही खोटा नाही. सूर्य एकच आहे. त्याला मोजायला कुठून सुरुवात करायची, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवले आहे. सत्तावीस वर्षांच्या अल्बेरूनींना या ग्रंथाच्या अभ्यासातून ही गोष्ट उमगली होती. ती त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

काही वर्षांनी ते ख्वारिज्मला परतले आणि तिथल्या शाहचे सल्लागार झाले. पण सुख फार काळ टिकले नाही. इ. स. १०१७ मध्ये गझनीचा सुलतान महमूद याने ख्वारिज्म जिंकले. तिथल्या विद्वानांना त्याने गझनीला नेले. त्यांत अल्बेरूनीही होते. तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. घर गेले, गाव गेले, ग्रंथ आणि मित्र मागे राहिले. यापुढे कुठे जायचे आणि कुठे राहायचे, हे त्यांच्या हाती राहिले नाही. नावाने बाहेरचे असलेले अल्बेरूनी आता खरोखरच परमुलखात येऊन पडले.

गझनीच्या दरबारातील एक हकिकत सांगतात. दूरच्या उत्तरेकडून सुलतानाकडे एक दूत आला. त्याने सांगितले की, फार उत्तरेला असा भाग आहे जिथे कित्येक दिवस सूर्य मावळतच नाही. हे ऐकून सुलतान संतापला. सूर्य मावळत नाही तर तिथे नमाजाच्या वेळा कशा ठरणार? हा माणूस धर्मविरोधी बोलतो आहे, असे त्याला वाटले. दूताचे काही खरे नव्हते. तेव्हा अल्बेरूनी पुढे झाले. पृथ्वीच्या अगदी उत्तरेकडील भागात असे का घडते, हे त्यांनी सुलतानाला नीट समजावून सांगितले. सुलतानाची खात्री पटली आणि दूत वाचला. आपण पाहिले नाही म्हणून ते खोटे, असे म्हणण्याची घाई केली असती तर एका खरे बोलणाऱ्या माणसाचा जीव गेला असता.

त्या काळात सुलतान महमूद हिंदुस्थानावर वारंवार स्वाऱ्या करीत होता. पंजाबचा मुलूख त्याच्या राज्याला जोडला गेला. या काळात अल्बेरूनींना हिंदुस्थानात येण्याची संधी मिळाली. त्यांनी पेशावर, सियालकोट, लाहोर, मुलतान अशा अनेक ठिकाणांचे अक्षांश मोजले. झेलम नदीच्या परिसरात नंदना नावाचा डोंगरी किल्ला आहे. तिथल्या डोंगराची उंची त्यांनी आधी मोजली. मग माथ्यावर उभे राहून क्षितिज किती अंशांनी खाली दिसते ते पाहिले. या दोन मापांवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. त्यांचे उत्तर आजच्या मापाच्या बरेच जवळ होते.

पण डोंगर मोजण्यापेक्षा कठीण काम पुढेच होते. ते म्हणजे माणसांना समजून घेणे.

गझनीच्या सैन्यातील लोकांना हिंदुस्थान कसा दिसत होता? कोणाला तिथले सोने दिसत होते, कोणाला हत्ती दिसत होते, कोणाला शत्रू दिसत होता. हिंदूंच्या धर्माविषयी अरबी ग्रंथांत जे लिहिले होते ते बहुतेक ऐकीव होते. एकाने लिहिले, दुसऱ्याने त्याची नक्कल केली, तिसऱ्याने त्यात भर घातली. गुरुस्थानी असलेल्या एका विद्वानांनी अल्बेरूनींना सुचवले की, तुम्हाला जे प्रत्यक्ष माहीत आहे ते लिहा. म्हणजे ज्यांना या लोकांशी बोलायचे आहे, चर्चा करायची आहे, त्यांना खरी माहिती मिळेल. अल्बेरूनींनी हे काम अंगावर घेतले.

त्यासाठी संस्कृत येणे आवश्यक होते. अल्बेरूनी पंडितांपुढे विद्यार्थी होऊन बसले. विचार करा, ज्याने पृथ्वी मोजली तो माणूस मुळाक्षरांपासून शिकत होता! संस्कृतातील कित्येक ध्वनी अरबी लिपीत लिहिताच येत नाहीत. शब्दाच्या सुरुवातीलाच दोन-दोन, तीन-तीन व्यंजने एकत्र येतात. ते पंडितांच्या तोंडून शब्द ऐकत, काळजीपूर्वक लिहून घेत आणि पुन्हा त्यांना म्हणून दाखवत. तेव्हा पंडितांना आपलाच शब्द ओळखू येत नसे. शिवाय एकाच वस्तूला अनेक नावे. सूर्याला रवी म्हणा, भास्कर म्हणा, आदित्य म्हणा, दिनकर म्हणा. पण यात फक्त संस्कृतला दोष देऊन कसे चालेल? अरबीतही सिंहाला असद, लैस, जैगम अशी कितीतरी नावे आहेतच की!

त्यांना ग्रंथांचीही फार आवड होती. कुठे संस्कृत पोथी आहे असे कळले की ती मिळवण्यासाठी ते पैसा आणि श्रम यांचा विचार करीत नसत. पोथी समजावून सांगणारे पंडितही ते दूरदूरच्या ठिकाणांहून शोधून काढीत. ब्रह्मगुप्त आणि वराहमिहिर यांचे ज्योतिषग्रंथ, भगवद्गीता, पुराणे यांचा त्यांनी अभ्यास केला. पतंजलीच्या योगावरील ग्रंथाचा आणि सांख्य तत्त्वज्ञानावरील ग्रंथाचा त्यांनी अरबीत अनुवाद केला. उलट बाजूनेही त्यांनी काम केले. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे खगोलशास्त्र पंडितांना कळावे म्हणून त्यांनी ते संस्कृतात आणण्याचे काम हाती घेतले. काश्मीरच्या पंडितांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे लिहिली. म्हणजे त्यांनी नुसते घेतले नाही, दिलेही. आरंभी पंडितांपुढे शिष्य म्हणून बसणारे अल्बेरूनी पुढे त्यांनाच गणित समजावू लागले. त्यांचे ज्ञान पाहून पंडित चकित झाले आणि त्यांना विद्येचा सागर मानू लागले.

या सर्व अभ्यासातून इ. स. १०३० च्या सुमारास त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण झाला. आपण त्याला किताबुल हिंद म्हणतो. त्यात ऐंशी प्रकरणे आहेत. धर्म, तत्त्वज्ञान, वाङ्मय, गणित, ज्योतिष, भूगोल, चालीरीती, सण, उपवास, कायदे, लग्नाच्या पद्धती असे सारे विषय त्यात आले आहेत. चार जणांनी फासे टाकून खेळायच्या बुद्धिबळाचेही वर्णन आहे. अरब लोक जे अंक वापरतात ते हिंदुस्थानातील अंकांच्या उत्तम रूपांवरून घेतलेले आहेत, हेही त्यांनी नोंदवले. त्यांनी लोकांना विचारून निरनिराळ्या मार्गांचीही माहिती गोळा केली. त्यात मरहट्ट देश म्हणजे आपला महाराष्ट्र आहे, कोकण आहे आणि समुद्रकाठची कोकणची राजधानी ठाणे हिचेही नाव आहे.

ग्रंथाच्या आरंभी अल्बेरूनींनी एक महत्त्वाचा प्रश्न घेतला आहे. दोन समाजांना एकमेकांना समजणे इतके कठीण का जाते? त्यांनी त्याची कारणे दिली आहेत. पहिले कारण भाषा. दुसरे कारण धर्म. तिसरे कारण चालीरीती. चौथे कारण राजकीय वैर. आणि शेवटचे कारण म्हणजे गर्व, आपल्यापेक्षा शहाणे जगात कोणी नाही असे वाटणे.

ही कारणे सांगताना त्यांनी कोणाची भीड ठेवली नाही. जातींमधील उच्चनीचता आणि स्पर्शाने विटाळ मानण्याची रीत त्यांना पटली नाही. मुस्लिम सर्व माणसांना समान मानतात, श्रेष्ठपणा फक्त धर्मनिष्ठेत असतो, हा फरक त्यांनी स्पष्ट लिहिला. हिंदू विद्वानांचा गर्वही त्यांना आवडला नाही. पण लगेच त्यांनी हेही लिहिले की, यांचे पूर्वज असे नव्हते. वराहमिहिरासारखा पंडित परक्या ग्रीकांच्या विद्येचा मान राखत होता. समाजाचे असे चार वर्ग पूर्वी इराणातही होते, याचीही त्यांनी आठवण दिली. एखादा दोष दिसला की, तो इतर कुठे आहे का, हेही ते पाहत.

चौथे कारण सांगायला तर मोठे धैर्य लागते. अल्बेरूनी ज्याच्या राज्यात राहत होते त्याच सुलतानाच्या स्वाऱ्यांनी हिंदुस्थानची भरभराट नष्ट झाली, लोक देशोधडीला लागले, आणि म्हणून त्यांच्या मनात मुस्लिमांविषयी तिटकारा बसला, असे त्यांनी सरळ लिहिले. विद्या या मुलखातून निघून काश्मीर, बनारस अशा दूरच्या ठिकाणी गेली, हेही त्यांनी नोंदवले. ज्याचे मीठ खातो त्याच्या कामातील चूक लिहिणे सोपे नसते. आणि शत्रूचा चांगुलपणा लिहिणे त्याहूनही अवघड. पंजाबचे शाही राजे सुलतानाशी वर्षानुवर्षे लढले आणि अखेर त्यांचे राज्य लयाला गेले. अशा या शत्रूंविषयी अल्बेरूनींनी लिहिले की, ते उदार मनाचे आणि सदैव चांगले काम करू पाहणारे राजे होते. सुलतान महमूद तुर्कांच्या हल्ल्याने संकटात असताना शाही राजा आनंदपाल याने त्याला मदत देऊ केली होती. जुने वैर असूनही राजाने दाखवलेला हा दिलदारपणा अल्बेरूनींनी कौतुकाने लिहून ठेवला.

चालीरीतींविषयी लिहिताना अल्बेरूनींचा विनोदही दिसतो. हिंदूंच्या पुष्कळ रीती आमच्याहून अगदी उलट आहेत, असे सांगून त्यांनी लांबलचक यादी दिली आहे. हे लोक घरात शिरताना परवानगी मागत नाहीत, पण घरातून जाताना मात्र मागतात. महत्त्वाच्या प्रसंगी हे लोक स्त्रियांचा सल्ला घेतात. अशा कितीतरी गोष्टी त्यांनी टिपल्या. वाचणाऱ्याला हसू येते. पण वाचक हसून मोकळा होईपर्यंत अल्बेरूनी त्याला थांबवतात. एखादी गोष्ट आपल्याला विचित्र वाटते ती केवळ आपल्या सवयीची नसते म्हणून, असे ते समजावतात. मग ते इस्लामपूर्व काळातील अरबांच्या रीतींची आठवण देतात. त्या तर याहून वाईट होत्या. दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवण्याआधी आपल्या जुन्या घराकडेही पाहावे, असा याचा अर्थ.

परवानगीची गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. मग मी त्यांना विचारतो की, आपल्या घरी आलेला पाहुणा उठताना काय म्हणतो? तो म्हणतो, अब इजाजत दीजिए. म्हणजे जाताना परवानगी मागण्याची रीत आता आपलीही आहे! आणि मराठी माणूस निघताना जातो असे न म्हणता येतो म्हणतो. हे ऐकून पहिल्यांदा आपल्याला नवल वाटते. पण त्यामागे पुन्हा भेटण्याची इच्छा आहे, हे कळले की नवल संपते आणि गोडवा उरतो.

मूर्तिपूजेविषयी लिहितानाही त्यांनी घाई केली नाही. ते स्वतः निष्ठावान मुस्लिम होते. मूर्तिपूजा त्यांना मान्य नव्हती. पण हिंदूंमधील ज्ञानी लोक एकाच अनादि, अनंत ईश्वराला मानतात, हे त्यांनी त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे दाखवून दिले. सामान्य माणसाला मात्र डोळ्यांना दिसणारी वस्तू हवी असते आणि हे सर्वच समाजांत घडते, असे ते सांगतात. दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढण्यासाठी मी हा ग्रंथ लिहीत नाही, ते काय मानतात ते जसेच्या तसे मांडतो, अशी त्यांची भूमिका होती. दुसऱ्याचा विचार नीट मांडला म्हणजे आपला धर्म सोडला, असे होत नाही. अल्बेरूनी आपल्या श्रद्धेवर ठाम राहिले आणि दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी खरे बोलले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात.

सुलतान महमूद इ. स. १०३० मध्ये मरण पावला. त्यानंतर त्याचा मुलगा मसऊद गादीवर बसला. अल्बेरूनींनी खगोलशास्त्रावरचा आपला सर्वांत मोठा ग्रंथ त्याला अर्पण केला. त्याचे नाव अल्-कानून अल्-मसऊदी. सुलतानाने खूश होऊन हत्तीभर चांदी इनाम पाठवली, पण अल्बेरूनींनी ती परत केली, असे सांगतात. पुढे त्यांनी रत्ने आणि खनिजे यांवर एक ग्रंथ लिहिला. म्हातारपणी औषधी वनस्पतींवरही लिहिले. आयुष्यभरात त्यांनी लहानमोठे सुमारे दीडशे ग्रंथ लिहिले. त्यांतले थोडेच आज शिल्लक आहेत.

त्यांच्या अखेरच्या दिवसाची एक हकिकत जुन्या ग्रंथात आढळते. अल्बेरूनी मृत्युशय्येवर होते. श्वास घेणेही जड झाले होते. एक परिचित विद्वान त्यांना भेटायला आले. अल्बेरूनींना एकदम आठवले की, वारसाहक्काच्या हिशोबातला एक मुद्दा या विद्वानांनी पूर्वी सांगितला होता आणि तो आपल्याला नीट कळला नव्हता. त्यांनी तो पुन्हा समजावून देण्याची विनंती केली. या अवस्थेत कशाला, असे त्या विद्वानांना वाटले. पण हे जग सोडताना तो मुद्दा माहीत असणे हे माहीत नसण्यापेक्षा चांगले, असे अल्बेरूनींचे म्हणणे पडले. तेव्हा त्या विद्वानांनी तो समजावला. अल्बेरूनींनी तो पुन्हा म्हणून दाखवला. ते विद्वान घराबाहेर पडून रस्त्यावर पोहोचतात न पोहोचतात तोच आतून रडण्याचा आवाज आला. इ. स. १०४८ च्या सुमारास गझनी येथे हा ज्ञानाचा मुसाफिर जग सोडून गेला.

त्यांचा हिंदुस्थानवरील ग्रंथ कित्येक शतके फारसा कोणाच्या हाती नव्हता. एडवर्ड साखाव या जर्मन विद्वानाने इ. स. १८८७ मध्ये त्याची मूळ अरबी प्रत छापली आणि लगेच त्याचा इंग्रजी अनुवादही केला. तेव्हापासून हिंदुस्थानच्या इतिहासाचा अभ्यास या ग्रंथावाचून पुरा होत नाही. आज चंद्रावरील एका विवराला अल्बेरूनींचे नाव दिलेले आहे. ज्या चंद्राचे ग्रहण त्यांनी काथच्या भूमीवरून मोजले, त्याच चंद्रावर त्यांचे नाव कोरले गेले.

मुलांनो, अल्बेरूनींच्या काळी तलवारीने जिंकलेली राज्ये आज कुठे आहेत? गझनीचे साम्राज्य गेले, ख्वारिज्मचे शाह गेले, पंजाबचे शाही राजे गेले. पण एका माणसाने दुसऱ्या समाजाची भाषा शिकून, त्यांचे म्हणणे ऐकून, प्रामाणिकपणे लिहिलेला ग्रंथ राहिला. नावाने ते बाहेरचे होते. पण भाषेच्या दारातून ते आत गेले.

आपण तर बाहेरचे नाही. याच मातीत जन्मलो, याच गल्ल्यांत वाढलो. आपल्या शेजारी मराठी बोलणारी माणसे राहतात. त्यांच्याविषयी आपण ऐकीव गोष्टी ऐकतो, आणि आपल्याविषयी तेही ऐकीव गोष्टी ऐकतात. दोघांच्या मधला दरवाजा कोणीतरी उघडायला हवा. तेव्हा उद्या वर्गात कोणी पाण्याला पानी म्हणाला, तर हसू नका. त्याला ण म्हणायला मदत करा. आणि ज्याची जीभ अडखळेल त्याने लाजू नये. पृथ्वी मोजणाऱ्या माणसाची जीभही याच अक्षरांपाशी अडखळली होती.

स्वाध्याय

१. अल्बेरूनी या नावाचा अर्थ काय? तो त्यांच्या जीवनाला कसा लागू पडतो?
२. उत्तरेकडून आलेल्या दूताचा जीव कसा वाचला?
३. दोन समाजांना एकमेकांना समजणे कठीण का जाते? अल्बेरूनींनी दिलेली कारणे लिहा.
४. अल्बेरूनींनी शत्रूचाही चांगुलपणा लिहिला, हे कोणत्या प्रसंगावरून दिसते?
५. तुमच्या शेजारच्या घरातील एखादी रीत तुम्हाला पूर्वी विचित्र वाटत होती का? त्या घरातील माणसांना तिचे कारण विचारा आणि आठ-दहा ओळी मराठीत लिहा.